फॉरमॅट मारण्याआधी: विकत घेतलेल्या गेमचं इन्स्टॉल लिमिट कसं सांभाळायचं

मागच्या पावसाळ्यात भाचा नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आला तो जुन्या चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट अ‍ॅक्टिव्हाच्या पायाशी ठेवूनच. वीज दोन-तीनदा गेली-आली, त्यात त्याचा मदरबोर्ड उडाला होता. कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून त्यानं नवा बसवून घेतला, त्या दुकानदारानं विंडोजही नव्यानं टाकून दिलं. सगळं झकास चाललं होतं, एक गेम सोडून. तो उघडला की खिडकी यायची: या कीवरची ऍक्टिव्हेशन्स संपली आहेत.

"मामा, पैसे भरलेत मी. पावती मेलवर आहे. तरी हा मला ओळखत नाही म्हणजे काय?"

तो गेम त्याला कधीच ओळखत नव्हता. ओळख होती ती मदरबोर्डशी, आणि मदरबोर्ड तर भंगारात गेला होता. गेमसोबत मिळणारा कोड म्हणजे की, आणि त्या कीवर एखाद्या मशीनला मिळालेली परवानगी म्हणजे ऍक्टिव्हेशन. परवानगी तीन मशीनची. पहिलं ऍक्टिव्हेशन जुन्या लॅपटॉपवर गेलं, दुसरं पीसीवर, तिसरं त्याच पीसीला व्हायरस लागला म्हणून फॉरमॅट मारल्यावर. चौथ्याला नकार. एकाच पोरानं, एकाच घरात, एकच प्रत खेळली, तरी हिशेबात तीन माणसं झाली.

दुकानात अशी केस अधूनमधून येतेच. फॉरमॅटच्या आधी दहा मिनिटं दिली असती तर त्यातल्या बहुतेक टळल्या असत्या. त्या दहा मिनिटांत काय करायचं ते पुढे लिहितोच, पण आधी आपल्या गेमला कुलूप, म्हणजे फुकट कॉपी रोखायची सोय, कुठल्या जातीचं आहे ते कळायला हवं.

मोजतात ते काय?

असा गेम पहिल्यांदा सुरू होताना मशीनच्या काही भागांची माहिती गोळा करतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड, विंडोजची प्रत, असं काहीबाही. त्यातून एक लांबलचक आकडा तयार होतो. त्याला मशीनचा अंगठा म्हणा. तो कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर तुमच्या कीपुढे एक रेघ ओढतो. पुढच्या वेळी अंगठा जुळला तर नवी रेघ नाही. नाही जुळला तर तुमचाच पीसी परका, आणि दुसरी रेघ. कोणते भाग मोजले जातात ते गेमगणिक बदलतं, आणि कंपन्या ते सहसा उघड करत नाहीत.

ह्या भानगडीचा सुवर्णकाळ २००७-०८ चा. बायोशॉक हा गेम २००७ मध्ये आला तेव्हा सुरुवातीला दोनच ऍक्टिव्हेशन्स होती. ओरड झाल्यावर पाच झाली आणि पुढच्या वर्षी मर्यादाच काढून टाकली. २००८ मध्ये पीसीवरच्या मास इफेक्टला आणि स्पोअरला तीन होती. ह्या सगळ्यांत सेक्युरॉम नावाचं कुलूप होतं. स्पोअरवर तर लोक इतके भडकले, की कंपनीला मर्यादा पाचवर न्यावी लागली आणि वापरलेलं ऍक्टिव्हेशन परत सोडवायचं छोटं टूलही द्यावं लागलं. गंमत अशी, की एवढा बंदोबस्त असूनही त्या वर्षी टॉरेंटवरून चोरून सर्वाधिक उतरवल्या गेलेल्या गेम्सच्या यादीत स्पोअरच वर होता. कुलपाचा त्रास ज्यानं पैसे मोजले त्यालाच झाला.

माझ्या धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यात बोलकी गोष्ट २०१२ च्या जानेवारीतली. ग्राफिक्स कार्डांची परीक्षणं करणाऱ्या गुरूथ्रीडी ह्या साइटनं अ‍ॅनो २०७० हा गेम चाचणीसाठी घेतला. कार्ड बदललं की एक ऍक्टिव्हेशन गायब. तीन कार्डांत गेम बंद. बोंबाबोंब झाल्यावर गेमची कंपनी युबिसॉफ्टनं ग्राफिक्स कार्ड मोजणीतून काढलं. म्हणजे तोवर ते मोजणीत होतं! गिऱ्हाइकाला नवीन कार्ड बसवून देताना तेव्हापासून मी एक प्रश्न विचारतोच: कुठले गेम टाकलेत?

आणि हा प्रकार फक्त जुन्या काळातला नाही. २०२१ च्या शेवटी इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यात दोन तऱ्हेचे कोअर, मोठे आणि छोटे. काही गेम्सच्या कुलपाला छोटे कोअर म्हणजे दुसराच कॉम्प्युटर वाटला आणि गेम चालू होईनात. इंटेलला पन्नासेक गेम्सची यादी काढावी लागली, आणि तात्पुरता उपाय काय, तर बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एक पर्याय चालू करून खेळताना स्क्रोल लॉक दाबायचं. एरवी त्या बटणाला कीबोर्डवर कुत्रं विचारत नाही.

कुलपाच्या जाती

पहिली जात अकाउंटला बांधलेली. स्टीम, एपिक, ईए, युबिसॉफ्ट कनेक्ट ह्या ऑनलाइन गेम-दुकानांचा मूळ कारभार असा. कितीही पीसींवर इन्स्टॉल करा, लॉगिन तुमचं हवं. बहुतेकांना ह्यापलीकडे काही लागत नाही.

दुसरी जात काडी मोजणारी, म्हणजे कीपुढच्या त्या रेघा मोजणारी: वर सांगितलेलं सेक्युरॉम, तसंच टेजेस वगैरे. नवीन गेममध्ये हे आता जवळपास दिसत नाहीत. पण सेलमध्ये दोन-अडीचशेला जुने गेम निघतात, त्यांतल्या काहींत अजून ते तसंच बसलेलं असतं. भाच्याचा गेम असाच, सेलमधला.

तिसरी जात डेन्यूव्होची. २०१४ मध्ये फिफा १५ पासून सुरू झाली आणि आज मोठ्या गेम्समध्ये हीच भेटते. इथं मर्यादा आयुष्यभराची नसते, दिवसाची असते. साधारणपणे २४ तासांत पाच वेगवेगळी मशीन. एवढी पुरते, असं वाटतं. पण लिनक्सवर किंवा स्टीम डेक ह्या हातात धरायच्या पीसीवर खेळणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: गेम चालेना म्हणून प्रोटॉनच्या (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आवृत्त्या एकामागून एक बदलून पाहिल्या, तर प्रत्येक आवृत्ती नवं मशीन धरली जाऊ शकते. पाच झाल्या की दुसऱ्या दिवसापर्यंत हात बांधून बसा.

चौथी जात म्हणजे कुलूपच नाही. गॉग हे ऑनलाइन दुकान २००८ पासून असेच गेम विकतं. इन्स्टॉलरची फाइल उतरवा, पेनड्राइव्हवर ठेवा, दहा वर्षांनी दुसऱ्या पीसीवर टाका, कुणी विचारणार नाही. स्टीमवरचेही काही गेम फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला तरी चालतात, कारण स्टीमचं कुलूप लावायचं की नाही हे गेम बनवणाऱ्यावर सोडलेलं आहे.

विकत घेण्याआधी

स्टीमवर गेमचं पान उघडलं की मोठा व्हिडिओ, सवलतीचा हिरवा आकडा आणि रुपयांतली किंमत ह्यांतच डोळे अडकतात. खाली सरका. उजव्या बाजूला, भाषांच्या तक्त्याच्या आसपास, छोट्या चौकटीत लिहिलेलं असतं की ह्या गेममध्ये तिसऱ्या कंपनीचं डीआरएम, म्हणजे आपलं ते कुलूप, आहे. कुठल्या जातीचं, किती मशीनची मर्यादा, वेगळं अकाउंट लागतं का, हे तिथंच. चौकट नसली तर चांगलंच, पण तेवढ्यावर विसंबू नका. पीसीगेमिंगविकी ह्या साइटवर गेमचं नाव टाका. कुठल्या दुकानातल्या प्रतीला कुठलं कुलूप आहे ते तिथं तक्त्यात मिळतं. एकच गेम एका दुकानात कुलपासकट आणि दुसऱ्यात मोकळा असतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पन्नास रुपये जास्त गेले तरी मी मोकळी प्रत घेतो.

घेतल्यावर लगेच, त्याच संध्याकाळी, गेम चालवून बघा. स्टीमवर आणि एपिकवर परताव्याची अट एकच आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं. गॉगवर ३० दिवस मिळतात. सेलमध्ये आठ गेम घेऊन ठेवायचे आणि दिवाळीच्या सुट्टीत उघडायचे, ही सवय इथंच महाग पडते. उघडता उघडता मुदत निघून जाते.

आणि विकतानाचा शब्द नीट वाचा. तुम्ही घेता तो परवाना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून तसं स्पष्ट सांगणं कायद्यानं बंधनकारक झालं, त्याच्या आधीच स्टीमनं पैसे भरायच्या पानावर ती ओळ टाकली. परवान्याचं काय होऊ शकतं हे द क्रू घेतलेल्यांना विचारा. २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि नंतर लोकांच्या लायब्ररीतून परवानाही काढून घेतला. ऍक्टिव्हेशन शिल्लक असून उपयोग काय?

घेतल्यानंतर: एक वही

हसू नका, पण माझ्याकडे खरंच वही आहे, दोनशे पानी, किराणा दुकानातली. प्रत्येक मर्यादावाल्या गेमला एक पान. वर गेमचं नाव, कुठून घेतला, ऑर्डर नंबर, कुठल्या मेलवर. खाली तारीख आणि 'कुठल्या मशीनवर ऍक्टिव्हेट केला'. सोडवला की त्या ओळीवर काट. फोनमधली नोट चालेल, पण ज्या पीसीवर गेम आहे त्याच पीसीवरची एक्सेल फाइल चालणार नाही. कारण ती फाइल उघडायची वेळ येते तेव्हाच पीसी मेलेला असतो. एका गिऱ्हाइकानं नेमकं तेच केलं होतं.

पावतीचा मेल वेगळ्या लेबलखाली टाकून ठेवा आणि त्याची एक पीडीएफ करून फोनवर ठेवा. पुढे सपोर्टवाल्यांशी बोलताना तोच कामाला येतो.

फॉरमॅट किंवा नवा पार्ट: ती दहा मिनिटं

इथं क्रम महत्त्वाचा, म्हणून सावकाश सांगतो.

आधी बघा, गेममध्ये किंवा त्याच्या लाँचरमध्ये (गेम उघडून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) डीऍक्टिव्हेट, डीऑथराइज, रिव्होक असा काही पर्याय आहे का. जुन्या गेम्समध्ये तो गेमच्या फोल्डरमध्ये वेगळ्या छोट्या टूलच्या रूपात असतो, कधी कंपनीच्या साइटवरून उतरवावा लागतो. ते टूल चालवताना इंटरनेट चालू हवं. सर्व्हरनं 'सोडवलं' असं उत्तर दिलं की त्या खिडकीचा फोटो काढा. मोबाइलनं, तिरका आला तरी चालेल. मग वहीत काट मारा. मगच गेम अनइन्स्टॉल करा.

सगळे चुकतात ते इथंच. अनइन्स्टॉल केलं म्हणजे ऍक्टिव्हेशन परत मिळालं, असं धरून चालतात. काही गेममध्ये अनइन्स्टॉलर ते काम करतो, काहींत करत नाही, आणि थेट फॉरमॅट मारलं तर कुठलाच करत नाही. सर्व्हरच्या लेखी ते जुनं मशीन अजून तुमच्या घरात गेम खेळत बसलेलं असतं. त्यामुळे दुकानात फॉरमॅटला पीसी देणार असाल तर हे घरी उरकूनच आणा. समोर चार गिऱ्हाइकं उभी असताना 'दादा, आधी माझा गेम सोडवा' म्हणालात तर कुठलाही दुकानदार मान डोलावेल आणि विसरेल. मी पण विसरलोय.

नवा पार्ट बसवतानाही हाच क्रम. रॅम वाढवली तर सहसा काही होत नाही. मदरबोर्ड किंवा प्रोसेसर बदलणार असाल तर आधी सोडवणं भागच आहे. विंडोजची डिस्क बदलून एसएसडी टाकत असाल तरी सोडवूनच बदला. आणि सगळे पार्ट एकदम बदला. आज कार्ड, पुढच्या पगारात बोर्ड, मग एसएसडी असं करत गेलात आणि प्रत्येक वेळी गेम उघडून पाहिलात, तर तीन काड्या जातील. एकाच रविवारी सगळं बसवलं तर एकच.

ह्यानंतर सेव्ह फाइल्स. ऍक्टिव्हेशन परत मिळेल, ऐंशी तासांचा खेळ परत मिळणार नाही. डॉक्युमेंट्समधलं माय गेम्स, यूजर फोल्डरमधलं सेव्ह्ड गेम्स आणि लपलेलं अ‍ॅपडेटा, ह्या तीन जागा तपासा. क्लाउड सेव्ह असलं तरी एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या.

गेमच्या मोठ्या फाइल्सचंही बघून घ्या. शंभर जीबीचा गेम पुन्हा उतरवायचा म्हणजे नेटचा प्लॅन पिऊन जातो. स्टीमची लायब्ररी आधीपासून डी ड्राइव्हवर ठेवा. फॉरमॅट सी चा होतो, डी तसाच राहतो. नवीन विंडोजवर स्टीम टाकून सेटिंग्जमध्ये तोच लायब्ररी फोल्डर दाखवला की ते गेम ओळखतं आणि पुन्हा उतरवत नाही. डी ड्राइव्ह नसेल तर गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, तिथं बॅकअपचा पर्याय आहे. हा बॅकअप फाइल्सचाच, परवाना अकाउंटवरच राहतो. गॉगचे इन्स्टॉलर मात्र खरोखर आपले. ते वेगळ्या हार्ड डिस्कवर टाकून ठेवा.

देखभालीसाठी दिवसभर लाइट जाणार असेल तर इन्व्हर्टरवर पीसी चालतो, पण राउटर बंद पडतो. तेव्हा खेळायचं असेल तर आदल्या रात्री गेम एकदा ऑनलाइन उघडा, अपडेट होऊ द्या, मग स्टीमच्या मेनूतून ऑफलाइन व्हा. नेट गेल्यावर ऑफलाइन व्हायला गेलात तर कधी होतं, कधी नाही.

अडकलातच तर

मशीन मेलं आणि सोडवायची संधीच मिळाली नाही, तर आधी वेबसाइटवर लॉगिन करून डिव्हाइसेसची यादी मिळते का बघा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या गेम्सना दहा उपकरणांची मर्यादा आहे आणि जुनं उपकरण अकाउंटच्या पानावरून काढता येतं. डेन्यूव्हो असेल तर काही करू नका, एक दिवस थांबा. पुन्हा पुन्हा उघडून पाहू नका.

काडीवाल्या गेमसाठी सपोर्टला लिहावं लागतं. कोणाला? ज्याच्याकडून घेतला त्या दुकानाला आणि गेमच्या प्रकाशकाला, दोघांनाही. नाहीतर हा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो ह्याच्याकडे. मेल छोटा ठेवा. ऑर्डर नंबर, खरेदीची तारीख, त्रुटीच्या खिडकीचा फोटो, आणि एका वाक्यात काय बदललं ते: मदरबोर्ड जळाला, अमुक तारखेला नवा बसवला. मदरबोर्डचं बिल जोडलं तर सोन्याहून पिवळं. मागणी एकच करा, वापरलेल्या ऍक्टिव्हेशन्सचा आकडा शून्यावर आणा. परतावा द्या, नवीन की द्या, तुमची कंपनी बोगस आहे, हे सगळं एकाच मेलमध्ये घातलं की पहिलं उत्तर हमखास साचेबद्ध येतं.

महिनाभर उत्तरच नाही आलं, तर भारतातल्या ग्राहकांना माल विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत: तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याच्या आत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे नाशिकमधूनच, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. तीनशेच्या गेमसाठी कुणी तिथवर जाईल असं नाही, पण मेलमध्ये ह्या नियमाचा शांतपणे उल्लेख केला की हालचाल होते, एवढं पाहिलंय.

दोनशे रुपयांतलं 'ऑफलाइन ऍक्टिव्हेशन'

टेलिग्रामवर आणि इन्स्टावर पोरांना हे विकणारे भरपूर. चार हजारांचा नवा गेम दोनशेत. करतात काय, तर स्वतःच्या अकाउंटचं लॉगिन तुमच्या पीसीवर टाकतात, गेम एकदा ऑनलाइन उघडून डेन्यूव्होचा अंगठा घेतात, मग स्टीम ऑफलाइन करून देतात. दिवसाला पाचची मर्यादा असल्यामुळे तिथं चक्क रांग लागते, 'भाऊ, तुझा नंबर गुरुवारी'. विंडोजचा एखादा मोठा अपडेट आला, पार्ट बदलला, की अंगठा बदलतो आणि विकणारा फोन उचलत नाही. शिवाय हे करताना रिमोटनं तुमचा पीसी एका अनोळखी माणसाच्या हातात असतो. त्याच पीसीवर घरातल्यांचं नेटबँकिंग असतं. मी हे लावून देत नाही, कितीही ओळखीचा असला तरी.

क्रॅक, म्हणजे कुलूप तोडून वाटलेली प्रत, त्याबद्दल थोडक्यात. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्याच कायद्यातलं कलम ५२ कायदेशीर प्रत असणाऱ्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत ठेवू देतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, दुकानात व्हायरसनं भरून येणाऱ्या पीसींचं मूळ बहुतेक वेळा एखाद्या क्रॅकच्या फोल्डरमध्येच सापडतं.

भाच्याचं काय झालं? आम्ही दोघांनी बसून मेल लिहिला, मदरबोर्डचं बिल जोडलं. दुकानानं प्रकाशकाकडे ढकललं, प्रकाशकानं पाचव्या दिवशी मर्यादा मोकळी केली. पोरगं खूश. कॅबिनेट परत चादरीत गुंडाळण्याआधी त्यानं बाजूचं झाकण काढलं, आतल्या पत्र्यावर मार्करनं गेमचं नाव लिहिलं, त्याखाली तारीख आणि एक रेघ ओढली.

"वही हरवते मामा," म्हणाला. "हा डबा नाही हरवत."